घरी बसता तसे बसा

अन्याय झाला तो सुखदेव गजभिये यांच्यावर. कधी, तर दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी सव्वाबारा वाजता. कुठे, तर जबलपूरच्या विजय नगरमधल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, पाच-सहा गिऱ्हाइकांच्या देखत. वेळ एवढी नेमकी सांगते आहे, कारण नंतर ज्याला विचारावं तो म्हणाला, अन्याय वगैरे काही नाही, त्यांना फक्त दुसरं काम दिलं. खोटं आहे. त्यांच्यासमोरची खुर्ची काढून घेतली.

खुर्ची साधी, निळ्या प्लास्टिकची, एका बाजूचा हात तुटलेला. तिच्यावर गिऱ्हाइक बसायचं. गजभिये काकांचं सगळं काम त्या खुर्चीवर चालायचं, म्हणून आधी ते काम सांगते.

गेम खेळायचा कॉम्प्युटर लोक तयार घेत नाहीत, एकेक भाग निवडून जोडून घेतात. आत ग्राफिक्स कार्ड असतं, ते चित्र काढतं. बाहेर मॉनिटर असतो, तो चित्र दाखवतो. आणि मॉनिटरपाशी येऊन प्रत्येक जण अडतो, रिझोल्यूशन कोणतं घ्यायचं? फुल एचडी, त्याच्यावर टू-के, त्याच्याही वर फोर-के. बाकीच्या दुकानांत एका वाक्यात उत्तर मिळतं. "फोर-के ले लो भैया, फ्यूचर के लिए." गजभिये काकांकडे अर्धा तास लागायचा.

"बसा," ते म्हणायचे. "घरी बसता तसे बसा."

गिऱ्हाइक बसायचं. ताठ. पासपोर्टचा फोटो काढायला बसावं तसं. काका चहा सांगायचे. कोणता खेळ खेळता, एकटे खेळता की दोस्तांसोबत, हरल्यावर कोण जास्त चिडतं, असं काहीबाही विचारत राहायचे. पाच मिनिटं जायची, दहा जायची. बोलता बोलता माणसाची पाठ सैल पडायची. कुणाचा एक पाय वर यायचा, कुणाची मान कासवासारखी पुढे यायची, कुणी घसरत घसरत खुर्चीच्या टोकाशी जायचा. मग काका खिशातून शिंप्याची टेप काढायचे आणि डोळ्यापासून मॉनिटरपर्यंत धरायचे.

"हे तुमचं बसणं. पहिले बसले होते ते पाहुण्याच्या घरचं."

मी एकदा म्हटलं, "काका, एवढा कुटाणा काहून करता? सरळ विचारा ना, किती दूर बसता म्हणून."

"माणूस सांगत नाही, पोरी. खोटं बोलते असं नाही. त्याले स्वतःलेच माहीत नसते तो कसा बसते."

मी त्यांच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहते. दुकानांत काम करणाऱ्यांसाठी आम्ही चौघं पत्रकं काढतो आणि वाटतो. त्या कामासाठी मी विजय नगरच्या दुकानांत चकरा मारायचे आणि पाय दुखले की काकांच्या काउंटरपाशी टेकायचे. एवढीच माझी ओळख पुरे.

टेपनंतर यायचा खोक्याचा पुठ्ठा. त्याच्यावर काका पेनाने एक चौकट काढायचे आणि ठिपके द्यायला लागायचे. गिऱ्हाइक हिंदी असेल तर हिंदीत, मराठी निघालं तर आपल्या भाषेत. आमच्या गावात आडनाव मराठी असलं की तोंडातून मराठी निघेलच असं नाही, पण काका प्रयत्न करून पाहायचे.

"ही रांगोळी समजा. इतके ठिपके म्हंजे फुल एचडी. आता ह्याच चौकटीत चारपट ठिपके द्या. हे झालं फोर-के. रांगोळी सुंदर दिसन, मी नाही म्हणत नाही. पण काढणारी बाई एकच आहे. आणि तिले एका सेकंदात साठ डाव पुसून साठ डाव नवीन काढाची आहे. पुरन का तिचा हात?"

"बाई म्हणजे कार्ड?" गिऱ्हाइक विचारायचं.

"बाई म्हंजे कार्ड. तुम्ही घेतलं त्या कार्डाचा हात टू-केपर्यंत पुरते. फोर-केले अडखळन. तुम्ही दुश्मनाले पाहासाल तोवर त्यानं तुमचं तेरावं करून टाकलं असन. आणि इतक्या दुरून बसल्यावर तुम्हाले ते जास्तीचे ठिपके दिसनार बी नाहीत. चलो, आता बोला."

सिहोऱ्याहून बसने एक बाप-लेक आले होते. बापाचा धान्याचा व्यापार, अंगावर प्रवासाची धूळ, आणि मनात एकच गोष्ट. मुलगी बारावीत पहिली आली आहे, तर तिला दुकानातलं सगळ्यात मोठं घेऊन द्यायचं. "जो सबसे ऊपर वाला है, वो दे दो." मुलगी मान खाली घालून हसत होती. काकांनी तिला खुर्चीवर बसवलं. ती जी ताठ बसली ती चहा संपला तरी ताठच. शेवटी काकांनी विचारलं, बेटी, घरी टेबल आहे का? मुलगी बापाकडे बघून हळूच म्हणाली, टेबलावर आईचं शिलाई मशीन आहे, मॉनिटर ट्रंकेवर ठेवणार, आणि ती समोरच्या पलंगावर बसणार.

काकांनी दुकानातच पलंगाइतकं अंतर पावलांनी मोजलं. तिला तिथे उभं करून दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले, एक फुल एचडी, एक फोर-के. नाव झाकून. "कौन सा ज़्यादा साफ है?" तिने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा चुकली. बाप मोठ्याने हसला. काकांनी त्यांना फुल एचडी दिला, चित्र भराभर बदलणारा, खेळाला चांगला, आणि म्हणाले, वाचले त्याच्यात एक टेबल घेऊन द्या. मशीनचं वेगळं, मुलीचं वेगळं.

हिवाळ्यात तो माणूस मटारच्या शेंगांचं पोतं घेऊन आला. काकांनी दुकानातल्या सगळ्यांना वाटलं. मालकानेही दोन पिशव्या घरी नेल्या. त्या दिवशी मालकाला काकांचं काही चुकतंय असं वाटलं नव्हतं, हे लिहून ठेवते.

काका चुकायचे मात्र. एका माणसाला त्यांनी अंतर मोजून, कार्ड बघून फुल एचडी दिला आणि तो आठ दिवसांत तणतणत परत आला. खेळ उत्तम चालत होता. पण तो दिवसभर घरून नकाशे काढायचा, आणि नकाशातली बारीक अक्षरं त्याला फाटकी दिसत होती. काकांनी तिथल्या तिथे बदलून टू-के दिला, हात जोडले, आणि कुणी बघत नाहीसं पाहून खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावले. तारीख नाही, नाव नाही, दोनच शब्द होते. "विचारलं नाही."

तेव्हापासून त्यांचा आणखी एक प्रश्न वाढला. "खेळाशिवाय काय करता?"

या प्रश्नाने दुकानाची पार चावडी झाली. लोक सांगत बसायचे. एक जण म्हणाला, काही करत नाही, नोकरी गेली आहे, घरी सांगितलेलं नाही. एक बाई मुलासाठी मॉनिटर बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या की मी स्वतःच खेळते, मुलाचं नाव सांगते. काका टेप हातात धरून ऐकायचे. ऐकून झालं की म्हणायचे, "अच्छा. मंग ह्याच्यात तुम्हाले टू-के बरा."

मला त्यांची फार मोठी कहाणी माहीत नाही. आजोबा भंडाऱ्याकडून इकडे कामाला आले, प्रांतांच्या नव्या हद्दी पडल्या तेव्हा ही मंडळी अलीकडेच राहिली, एवढं आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचं आहे. काकू जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता मुलगा, अमित, हैदराबादला. घरी बोलायला भिंती. म्हणून रोज नऊला निघून सगळ्यांच्या आधी दुकान उघडणारा हा माणूस रविवारी दुपार झाली की गल्लीत उगाच फेऱ्या घालायचा, हे मी लहानपणापासून नाही, पण गेली सहा वर्षं पाहून राहिले आहे. त्यांच्या दिवसातली सगळी माणसं त्या निळ्या खुर्चीवरून यायची.

नवा मॉनिटर उघडला की ते काकूंच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्याने पुसायचे, आणि मग पेनड्राइव्हमधला एकच फोटो लावायचे. भेडाघाटचा. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, मधे हिरवं पाणी, आणि पाण्यावर एक नाव. नावेत निळ्या लुगड्यातली बाई आणि एक आठेक वर्षांचा मुलगा. पांढऱ्या कड्यांवर रंगाची खोट चटकन कळते, असं ते सांगायचे. खरं असेल. पण पडदा तपासून झाल्यावरही ते जरा वेळ बघत राहायचे.

"काका, हा तं फोर-केवर लय चांगला दिसत असन," मी एकदा म्हटलं.

"दिसते ना. फोटोले फोर-के चालते. फोटो जागचा हलत नाही."

आता तो मंगळवार.

कॉलेजातली दोन मुलं आली, यादी घेऊन. काकांनी बसवलं, चहा दिला, पाठ सैल होऊ दिली, टेप धरली, पुठ्ठ्यावर ठिपके काढले. तासभर. मुलं हुशार होती, नीट प्रश्न विचारत होती, काका खुलले होते. सगळं ठरलं. सत्तावीस इंची, टू-के, अमुक कार्ड. मग एकाने पुठ्ठ्याचा फोटो काढला आणि काउंटरपाशी उभ्या उभ्याच तो मॉनिटर मोबाइलवरून मागवला. "थैंक यू अंकल," म्हणून दोघं निघाले. काकांनी हात हलवला.

मालक आतून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होता. बाहेर आला.

"गजभिये जी, आपने स्कूल खोल रखा है क्या?"

काका म्हणाले, "बच्चे थे, पूछ रहे थे."

"पूछने सब आपके पास आते हैं, खरीदने कहीं और जाते हैं. ये पहली बार है?"

पहिली वेळ नव्हती, हे दुकानात उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या उभ्यांतले निम्मे तेच करायला आले होते. एकानेही तोंड उघडलं नाही. एकाने मोबाइल खिशात टाकला, तेवढं मला दिसलं.

मालकाने निळी खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली. "कल से आप पीछे गोदाम में. माल गिनिए, पैकिंग देखिए. ग्राहक से बात नहीं."

काकांनी पुठ्ठा घडी करून कचऱ्यात टाकला. टेप गुंडाळली. मग जेवणाची वेळ झाली म्हणून डबा उघडला, कारण ते रोज त्याच वेळेला उघडायचे.

मी तिथून तडक घरी आले आणि पत्रक लिहिलं. रागात लिहिलेलं पत्रक चांगलं उतरतं. "अठरा साल की ईमानदारी का इनाम: गोदाम." खाली त्यांचं पूर्ण नाव, दुकानाचं नाव, मालकाचं नाव. गुरुवारी सकाळी आम्ही चौघांनी दुकानासमोर उभं राहून ते वाटलं. लोकांनी घेतलं, वाचलं, मान हलवली. एक-दोघांनी पाठ थोपटली. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी काकांना कामावरून काढलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. अजून एक पत्रक डोक्यात घेऊनच गेले होते. ते ओट्यावर बसून शेंगा निवडत होते.

"काका, आपण सोडायचं नाही. मी लेबर ऑफिसात अर्ज..."

"बस."

मी बसले.

"गोडाऊनमधी रामभरोसे होता. आणि तो टेंपोवाला पोरगा, लग्न जमून राहिलं त्याचं. दुपारी डबा तिघं मिळून खायचो दोन दिवस. बरं होतं." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "तू मले विचारलं असतं तं मी नको म्हटलं असतं."

"पण काका, त्यांनी तुमचा अपमान केला."

"केला ना. माझा होता."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि मीही निवडायला लागले. मला ती वही आठवत होती. नकाशेवाल्याच्या पानावर लिहिलेले ते दोन शब्द. तिथे आता माझं पान असायला हवं होतं. अठरा वर्षं त्या माणसाने कुणाला काही देण्याआधी तो कसा बसतो ते पाहिलं, आणि मी त्याचं नाव छापून रस्त्यावर वाटलं तेव्हा तो कुठे बसला आहे, कुणासोबत डबा खातो आहे, हे बघायला गोदामापर्यंतची वीस पावलं गेले नाही.

तेव्हा अन्याय कधी आणि कुणी केला, ती सुरुवातीची यादी दुरुस्त करते. मंगळवारी मालकाने. त्याआधी रोज, विचारून जाणाऱ्यांनी. आणि गुरुवारी सकाळी मी.

बाकीच्या दुकानांत त्यांना कुणी घेतलं नाही. पत्रकात नाव आलेला माणूस म्हणजे कटकट, असं एकाने मला तोंडावर सांगितलं. त्याला ते पत्रक माझं आहे हे माहीत नव्हतं.

पुढचा महिनाभर त्या दुकानाच्या काचेतल्या मोठ्या फोर-के मॉनिटरवर भेडाघाटचा फोटो तसाच चालू होता. कुणी काढला नाही. मी एकदा काचेला नाक लावून पाहिला. इतक्या जवळून तो मी कधी पाहिलाच नव्हता. नावेतली बाई पाण्याकडे बघते आहे. मुलगा मात्र पाण्याकडे, कड्यांकडे कुठेच बघत नाही. तो सरळ फोटो काढणाऱ्याकडे बघतो आहे, हसतो आहे, आणि त्याचा एक पुढचा दात पडलेला आहे.

मी काकांना सांगितलं. "फोटो अजून लागला आहे दुकानात."

"काहून काढन कोणी? ध्यानातच नसन कोणाच्या."

दाताचं मी सांगितलं नाही. त्यांना माहीतच असणार.

शेवटचं पाहिलं ते गेल्या महिन्यात, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला. दार उघडं होतं. खोलीत टेबल, टेबलावर त्यांचा स्वतःचा मॉनिटर. जुना, लहान, साधा फुल एचडी. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना पडदे निवडून दिले त्याच्या घरी हा. हे मॉनिटर सरळ समोरून बरे दिसतात, बाजूने बघितलं की रंग धुतल्यासारखे फिके होतात, हेही मला त्यांनीच शिकवलेलं.

पडद्यावर ट्रक चालवायचा खेळ होता. अमित आणि ते रविवारी अकराला हा खेळायचे, तो हैदराबादहून, हे इथून. दोघांचे ट्रक मागेपुढे, माल घेऊन कुठल्यातरी परदेशी रस्त्याने जायचे, आणि जाता जाता कानाला लावलेल्या माइकवर बोलायचे. भाजी काय केली, बीपीची गोळी घेतली का. आता काकांचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता. इंडिकेटर लागत-विझत होता. कोपऱ्यात अमितचं नाव करड्या अक्षरांत होतं, म्हणजे तो आलेला नव्हता.

टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एक बरोबर मधोमध, पायांशी फरशीवर खडूच्या खुणा केलेल्या, म्हणजे टेप लावून ठेवलेली. ती रिकामी. काका तिच्या बाजूच्या स्टुलावर, कडेला, मान वळवून बसले होते. जिथून रंग फिके दिसतात तिथे.

"काका, मधात काहून नाही बसत?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. "कोणी आलं तं त्याले नीट दिसाले पाहिजे ना."

"कोण येणार आहे?"

"रविवार आहे," ते म्हणाले. "येईन कोणी."

इंडिकेटर चालूच होता. मी उंबऱ्यातच उभी होते. मला बस म्हणायची वाट पाहत होते, की बसायची हिंमत नव्हती, कुणास ठाऊक. साडेअकराला आम्हा पत्रकवाल्या चौघांची बैठक होती. मी निघाले. हेही यादीत टाका.

आता तुम्ही. हे वाचणाऱ्यांत असे बरेच असतील ज्यांचं अंतर काकांनी शिंप्याच्या टेपने मोजलं आहे. तुमच्या टेबलावरचा पडदा त्यांनी निवडलेला आहे, कुठूनही घेतलेला असो. आणि जबलपूरचे नसाल तर तुमच्या गावातही असा कुणीतरी असेलच, ज्याला तासभर विचारलंत आणि 'थैंक यू अंकल' म्हणून निघालात. मला सहानुभूती नको. पत्रक मागू नका, सही करायला मी कागद पाठवणार नाही.

येत्या रविवारी त्याच्या घरी जा. काही घ्यायला जाऊ नका, सल्ला विचारायलाही नाही. त्याला विचारा, तुम्ही आजकाल काय करता, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तो मधली खुर्ची दाखवेल. बसा. आणि ताठ बसू नका.